‘मॅडम, तुम्ही ब्रेक फार दाबता’ म्हणत माझ्याकडून 16,450 रुपये काढले

आधी आकडे सांगते. 3,550, मग 3,850, मग 9,050. मिळून 16,450 रुपये, सव्वा वर्षात, पुढच्या दोन चाकांच्या ब्रेकवर. गॅरेज पुण्यातलं, माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवरचं. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे आणि वकील मैत्रिणीनं तेवढं पथ्य पाळायला सांगितलंय.

पैसे गेले ते गेलेच. पण त्या माणसानं सव्वा वर्ष माझ्या पायाला दोष दिला आणि मी तो मान्य केला, हे जास्त लागलंय.

गाडी साधी हॅचबॅक. कंपनीतून आलेली पुढची ब्रेकपॅडं (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे लोखंडी चकतीला, दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या) 41,200 किलोमीटर चालली, तोवर तक्रार नव्हती. ती बदलायला या गॅरेजला गेले. पॅडं 2,450, मजुरी 500, ‘कॅलिपर सर्व्हिसिंग’, म्हणजे पॅडं डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याची साफसफाई, 600. हे शेवटचे 600 लक्षात ठेवा.

नवी पॅडं 9,200 किलोमीटरमध्ये संपली. मी विचारलं, आधीची चाळीस हजार गेली, मग ही एवढ्यात कशी? तो म्हणाला, ‘मॅडम, घाटात जाता ना? तुम्ही ब्रेक फार दाबता. लेडीजना ब्रेकवर पाय ठेवायची सवयच असते.’ माझी आई पाचगणीला राहते. दर पंधरा दिवसांनी मी जाते, म्हणजे पसरणीचा घाट आलाच. उतारावर ब्रेक जास्त लागतो हे खोटंही नाही, म्हणून पटलं. गाडी कमी गिअरमध्ये उतरवायची, इंजिनाला गाडी धरू द्यायची, हे मला चौदा वर्षं माहीत आहे आणि मी तसंच करते. तरी वाटलं, करत असेन चूक.

त्याच दिवशी सगळं माझ्या हातात होतं, अक्षरशः. पोऱ्यानं डाव्या चाकाची जुनी पॅडं काढून फरशीवर ठेवली होती, ती मी उचलली. आतल्या बाजूचं पॅड पार लोखंडाला टेकलेलं, वर झिजणाऱ्या मसाल्याचा कागदाएवढा थर. बाहेरच्या बाजूचं बोटाच्या अर्ध्या पेराएवढं जाड, जवळपास निम्मं शिल्लक. एकाच चाकाची दोन पॅडं, एकाच दिवशी बसवलेली. मी ती शेजारी धरून बघितली, मालकाला दाखवलीसुद्धा. त्यानं माझ्या हातातून घेतली, ‘हात खराब होतील मॅडम’ म्हणाला आणि मागच्या पिंपात टाकली. आणि मी रुमालाला हात पुसून पैसे दिले. 3,850, त्यात पुन्हा ‘कॅलिपर सर्व्हिसिंग’चे 700.

ते मी आजही विसरू शकत नाही. पाय एकच असतो. पेडल दाबलं की तेलाचा दाब दोन्ही चाकांना सारखा जातो. दोष पायाचा असता तर चारही पॅडं साधारण सारखी झिजली असती. एका चाकाचं एकच पॅड संपलं, तर बिघाड त्या चाकात आहे. एवढं साधं गणित, मी दिवसभर आकड्यांचं काम करते, आणि तिथे उभी राहून मला ते सुचलं नाही. का सुचलं नाही तेही सांगते: मी त्या वेळी मनातल्या मनात स्वतःच्या चुका शोधत होते. ग्राहकालाच गुन्हेगार केलं की तो प्रश्न विचारत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिसरी खेप 6,900 किलोमीटरनंतर. या वेळी डिस्कवरही खोल चरे. डिस्कची जोडी 4,800, पॅडं 2,650, मजुरी 900, आणि पुन्हा ‘कॅलिपर सर्व्हिसिंग’ 700. एकूण 9,050. पॅडांचं खोकं फोडून ठेवलेलं होतं. मी जुनी पॅडं मागितली तर भंगारवाला घेऊन गेला म्हणे. जीएसटीचं बिल मागितलं तर ‘त्याचे वेगळे लागतील’, आणि चिठ्ठीवर नुसतं ‘ब्रेक काम’. मी ऑफिसमधून अर्धा दिवस सुट्टी काढून उभी होते, भांडायला वेळ नव्हता. पैसे यूपीआयनं दिले एवढं बरं केलं. रोख देऊ नका. कधीच.

त्यानंतर 4,800 किलोमीटर झाले असतील. आईला डोळे तपासायला पुण्याला आणत होते. पसरणीचा घाट उतरताना जळका वास यायला लागला. आई म्हणाली, कुणीतरी शेतात काही जाळत असेल. शेवटच्या वळणांवर पेडल खाली जायला लागलं तेव्हा गाडी बाजूला घेतली. डाव्या पुढच्या चाकाजवळ हात नेला तर तव्यासारखी धग, उजवं नुसतं कोमट. आई मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि मला काय झालं विचारत होती. काय सांगणार होते मी तिला?

गाडी गार झाल्यावर हळूहळू वाईत नेली. तिथल्या मिस्त्रीनं जॅक लावला आणि चाक हातानं फिरवलं. अर्ध्या वेढ्यात थांबलं. म्हणाला, ‘ताई, हे तर ब्रेक न दाबताच धरून बसलंय.’ कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यातली एक गंजून जाम झाली होती. पिन सरकत नाही म्हणून कॅलिपर सुटत नाही, आणि पिस्टनच्या (तेलाच्या दाबानं पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याच्या) बाजूचं, म्हणजे आतलं पॅड सतत डिस्कला घासत राहतं. गाडी सरळ रस्त्यावर असो की घाटात, ते झिजतच असतं. ती पिन हातोडीनं ठोकून काढावी लागली. रबरी टोपी फाटलेली, आत ग्रीसचा काळा वाळलेला खडा. ‘ही पिन कंपनीनंतर कोणी काढलेलीच नाही,’ तो म्हणाला. म्हणजे 600, 700 आणि 700, असे 2,000 रुपये मी न झालेल्या कामाचे दिले.

आणि पॅडं? तीही डुप्लिकेट. मागच्या पत्र्यावर बॅच नंबर नाही, रंग नखानं निघतो, एका कोपऱ्यात मसाला पत्र्यापासून सुटलेला. संपत आलं की डिस्कला घासून किंचाळणारी पत्र्याची जी जीभ असते, तीच नाही. आधीच्या पॅडांनाही ती नसणार, म्हणून आवाज न येता थेट लोखंड लोखंडावर गेलं आणि जुन्या डिस्कला चरे पडले. नाना पेठेत, पुण्यातल्या स्पेअर पार्टच्या बाजारात, दाखवली तर दुकानदारानं न विचारता सांगितलं, लोकल माल.

दुरुस्तीचा हिशेबही लिहिते. वाईत पिना साफ करून ग्रीस लावायचे 400. पुण्यात दुसरीकडे पिनांचा किट 480, ओरिजिनल पॅडं 2,380, मजुरी 800. एकूण 4,060. पिन वेळीच साफ केली असती तर हेही लागले नसते.

गॅरेजवाला म्हणाला, ‘बिल दाखवा.’ चिठ्ठी दाखवली तर ‘यात पॅडाचं नाव कुठंय?’ चौकीत गेले. दोन तास बाकावर. मग उत्तर, ‘हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा.’ दुसऱ्यांदा गेले तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा एकानं हसून विचारलं, ‘मॅडम, गाडी शिकून किती वर्षं झाली?’ पुन्हा तेच! नकली मालावर छापा घाला म्हटलं तर ऐकायलाच तयार नाहीत. वकील मैत्रिणीकडून नंतर कळलं की ट्रेडमार्क कायद्यात छाप्यासाठी किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. मग तेवढं तरी सांगायचं ना तोंडानं! अजून एका सरकारी कार्यालयात गेले, तर गॅरेजशी आमचा संबंध नाही. ज्या कंपनीच्या नावाची खोकी वापरली तिला फोटो पाठवले, अठरा दिवसांनी उत्तर आलं की अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी. ब्रेक आहेत हे! घाटात माझी आई गाडीत होती. कुणालाच ही आपली जबाबदारी वाटत नाही, प्रत्येक जण पुढचं दार दाखवतो.

शेवटी ग्राहक आयोगात, म्हणजे त्याच ग्राहक कोर्टात, अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, पण दोन वर्षांच्या आत करावा लागतो. तोवर आपल्याकडे पुरावा म्हणून काही शिल्लक असेल तर. माझ्याकडे ती शेवटची डुप्लिकेट पॅडं आहेत, पिशवीत, वर तारीख आणि किलोमीटर लिहून. तुम्हीही काढलेला पार्ट तिथल्या तिथे मागून घ्या, नाही म्हणाला तर गाडी परत घ्या. खोकं आपल्यासमोर फोडायला लावा. चाक काढलं की आतलं आणि बाहेरचं, दोन्ही पॅडांचे फोटो काढा. मसाला 3 मिलिमीटरवर आला की बदलायचा, हा आकडा पाठ असू द्या. आणि लांबून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, रिंगला लावू नका. पुढच्या किंवा मागच्या जोडीतल्या दोन चाकांत एकच जास्त तापत असेल, तर तुमच्या पायाबद्दल कुणाचं काही ऐकून घेऊ नका.

गेल्या रविवारी पुढची दोन्ही चाकं काढून मापलं. 8,300 किलोमीटर झालेत, त्यात पसरणीचा घाट सोळा वेळा उतरलेय. चारही पॅडं साडेआठ मिलिमीटर, सारखी.