वाडीच्या गॅरेजात जुन्या जीपचा चेसिस नंबर: काम चोख, फोटो मात्र मागून घ्या

नागपूरच्या अमरावती रोडवर वाडीच्या ट्रक गॅरेजांमध्ये जुन्या जीपचा चेसिस नंबर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावरचा नंबर) साफ करून वाचण्याचं काम नीट होतं. जीप विलीस की फोर्ड, हे आधी पाहतात. विलीस एमबीची नंबरपट्टी पुढच्या बंपरमागे, चेसिसच्या डाव्या दांड्याच्या आतल्या अंगाला रिव्हेटने बसवलेली असते. फोर्ड जीपीडब्ल्यूचा नंबर चेसिसच्या डाव्या दांड्याच्या वरच्या अंगावर ठोकलेला.

ग्रीस रॉकेलने भिजवून प्लास्टिकच्या पट्टीने काढतात, मग पेंट रिमूव्हर, शेवटी पितळी ब्रश. ग्राइंडर लावत नाहीत, याचे पूर्ण गुण! ठसा उथळ असतो. घासला गेला की आरटीओत छेडछाडीचा संशय आलाच. टॉर्च तिरपा धरून, अंकांत खडूची पूड भरून वाचतात, मग कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उतरवतात, म्हणजे ट्रेस.

इंजिन ब्लॉकवरचा उठावदार नंबर ओतकामाचा असतो, तो इंजिन नंबर म्हणून लिहू देऊ नका. आत ठोकलेलाच धरा.

उणीव एकच: फोटो स्वतःहून देत नाहीत. 50 वर्षांवरच्या गाडीच्या ‘व्हीए’ (व्हिंटेज) नोंदणीची फी 20,000 रुपये आहे. ती भरण्याआधी ट्रेस आरसीशी अंकागणिक ताडा. गंजात 3, 6, 8 सारखेच दिसतात.