पोस्ट कुणी उतरवायची: कंपनीने, सरकारने की कोर्टाने?

समजा, वाशीतल्या एका मुलीच्या चेहऱ्याचे बनावट नग्न फोटो कुणी इन्स्टाग्रामवर टाकले. आणि समजा, घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या फेसबुक ग्रुपवर कुणी लिहिलं की सेक्रेटरीने सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेले पैसे) खाल्ला. दोघांनाही पोस्ट उतरवायची आहे, पण दोघांची वाट एक नाही. सोशल मीडियावर सरकारचा ताबा किती असावा, हे ठरवतानाही हाच फरक धरून चालावं.

मुलीच्या प्रकरणात खरंखोटं करण्यासारखं काही नाही, गुन्हा पाहताक्षणी दिसतो. तिने कंपनी आणि पोलीस या दोघांकडे एकाच दिवशी जावं. पण आधी पुरावा. प्रोफाइलची नव्हे तर त्या पोस्टची स्वतंत्र लिंक कॉपी करा, कारण यूजरनेम चुटकीसरशी बदलता येतं. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, प्रोफाइल उघडण्यापासून पोस्टपर्यंत सलग स्क्रीन रेकॉर्डिंग करा. घाईत पोस्ट आधी उतरते आणि हातात काहीच उरत नाही, ही नेहमीची अडचण. हटवलेला मजकूर कंपनीला १८० दिवस जपून ठेवावा लागतो, पण तो तुम्हाला मिळत नाही. पोलिसांनी मागावा लागतो.

ॲपमधलं ‘रिपोर्ट’ बटण म्हणजे कायदेशीर तक्रार नव्हे. ती कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, त्याच्या फॉर्मवर किंवा ईमेलवर करायची आणि तिचा क्रमांक जपायचा. असे फोटो हटवायला २०२१च्या माहिती तंत्रज्ञान (आयटी) नियमांत २४ तास होते, फेब्रुवारी २०२६च्या दुरुस्तीने ते २ तासांवर आले. पोलिसांसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी. ठाणे आणि नवी मुंबई ही वेगळी पोलीस आयुक्तालयं असल्याने ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकायला मिळालं, तर झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता नोंदवली जाणारी फिर्याद, मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये ती तरतूद आहे.

सेक्रेटरीचं तसं नाही. फंड खाल्ला की नाही हे कंपनीला कळणार कसं? तिने नकार दिला तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं, पण समितीचे सदस्य सरकारच नेमतं आणि सोसायटीचे हिशेब तपासणं हे तिचंही काम नाही. पोलीस ठाण्यात बहुधा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून परत पाठवतील, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ची बदनामी अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. आयटी कायद्याच्या कलम ६९-अ खाली केंद्र सरकार मजकूर बंद करतं ते देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरलेल्या कारणांसाठी. बदनामी त्यात बसत नाही. राहिला दिवाणी दावा. तो एका वर्षाच्या आत लावावा लागतो, आणि अंतरिम मनाई, म्हणजे निकालाआधीच पोस्ट उतरवायचा कोर्टाचा हुकूम, सहज मिळेल असं धरून चालू नका: मार्च २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी मनाई अपवादानेच द्यावी असं बजावलं. वेळ जातो, वकिलाचा खर्च होतो. पण आरोप करणाऱ्यालाही आपले कागद दाखवता येतात, आणि ते हवंच. पुष्कळदा ऑडिट रिपोर्ट त्याच ग्रुपवर टाकून सर्वसाधारण सभेत विषय घेतल्याने काम लवकर होतं.

आता सरकारला किती अधिकार द्यायचा, ते बघू. सरकारचा किंवा कोर्टाचा आदेश आल्यावर कंपनीला पूर्वी ३६ तास मिळत, आता ३. ऑक्टोबर २०२५च्या दुरुस्तीने सरकारतर्फे पोस्ट उतरवायला कळवण्याचा अधिकार सहसचिव किंवा पोलीस उपमहानिरीक्षक आणि त्यावरच्या दर्जापुरता ठेवला, कारण देणंही बंधनकारक केलं. ही सुधारणा चांगली आहे. तरी ३ तासांत लिहिणाऱ्याचं ऐकून कोण घेणार? दुसऱ्याच्या पोस्टसाठी आपल्याला जबाबदार न धरण्याचं कायद्याचं संरक्षण जाईल या धास्तीने कंपनी पोस्ट उतरवून मोकळी होते. २०१२मध्ये पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं, तेव्हा बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून तिथे दोन तरुणींना अटक झाली. आयटी कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा त्यात वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये रद्द केलं. सरकारविषयीच्या बातम्यांचं खरंखोटं सरकारी युनिटने ठरवण्याची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये रद्दबातल केली.

युरोपचा डिजिटल सेवा कायदा पोस्ट उतरवताना लिहिणाऱ्याला कारण द्यायला लावतो, कंपनीकडेच दाद मागण्याची सोय करायला लावतो, आणि चुकार कंपनीला जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड करतो. डिसेंबर २०२५मध्ये एक्सला (पूर्वीचं ट्विटर) १२ कोटी युरोंचा दंड झाला. मात्र त्यात तासांची मुदत नाही, त्यामुळे वाशीच्या मुलीला आपला नियम जास्त कामाचा. कंपन्यांना १९९६पासून जवळपास मोकळीक देणाऱ्या अमेरिकेनेही मे २०२५च्या कायद्यात संमतीविना टाकलेल्या नग्न फोटोंसाठी ४८ तासांची मुदत घातलीच.

म्हणून नग्न फोटो, मुलांचं शोषण आणि तोतयेगिरी यांसाठी तासांची मुदत ठेवावी. टीका, आरोप, व्यंगचित्र यांना ती लावू नये. तिथे लिहिणाऱ्याला नोटीस आणि आदेशाची प्रत मिळालीच पाहिजे. आज तुमची पोस्ट उतरली, तर कंपनीला लेखी विचारा: आदेश कुणाचा, कोणत्या कलमाखाली? कंपनीने स्वतःच्या नियमाने काढली असेल तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि मग अपील समितीकडे जा. सरकारी आदेश असेल तर अनुच्छेद २२६खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते.