लँडवेबर की सीजीएलएस? पाच रेषांचा अनुभव

नागपुरात पश्चिमेच्या वाडीपासून पूर्वेच्या पारडीच्या दिशेने मी ग्रॅव्हिटीच्या पाच समांतर रेषा घेतल्या होत्या, म्हणजे ओळीने ठरवलेल्या ठिकाणांवर (स्टेशनांवर) गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजला होता. नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व काठावर वसलंय. पश्चिमेला साधारण 2.9 ग्रॅम प्रति घनसेंमी घनतेचा बेसाल्ट, पूर्वेला 2.7च्या आसपासचा ग्नाइस, हा जुना स्फटिकी खडक. हा काठ खाली कसा उतरतो, एवढंच बघायचं होतं. मोजमापांवरून खालची घनता काढायला समीकरणांचा मॅट्रिक्स मांडला, तर त्याच्या सिंग्युलर व्हॅल्यू (खालचा कोणता तपशील मोजमापात किती ठळक उमटतो ते सांगणारे आकडे) शून्याकडे घरंगळत गेलेल्या. थेट सोडवण्यात अर्थ नव्हता, मोजमापातली बारीकशी चूकही उत्तरात प्रचंड फुगली असती. माझ्यापुढे दोन पद्धती होत्या: 1951ची लँडवेबर, आणि हेस्टेनेस-श्टीफेल यांच्या 1952च्या कॉन्जुगेट ग्रेडियंटमधून आलेली सीजीएलएस. दोन्ही उत्तर एका झटक्यात न काढता फेरीफेरीने (इटरेशन) सुधारत नेतात.

वेगात सीजीएलएसचा हात कुणी धरणार नाही. तिने आठ-दहा इटरेशनमध्ये दाखवलेल्या चित्राला लँडवेबरने माझ्याकडे चारशेवर घेतली. वर लँडवेबरला पायरीची लांबीही, म्हणजे दर फेरीला उत्तर किती हलवायचं तेही, सांभाळावं लागतं; सर्वांत मोठी सिंग्युलर व्हॅल्यू जितकी मोठी तितकी पायरी लहान हवी. ती व्हॅल्यू मी पॉवर इटरेशनने (मॅट्रिक्सने पुन्हा पुन्हा गुणून अंदाज काढायची रीत) घाईघाईत काढली, ती कमी आली, पायरी मोठी झाली आणि उत्तर थेट आभाळात!

मग तरी लँडवेबर का? दोन्हींत उत्तर आधी सुधारतं, नंतर त्यात नॉइज (मोजमापातली चूक) चढतो. म्हणून वेळेत थांबणं आलंच. मोरोझोव्हचा नियम म्हणतो, उत्तरावरून येणारे आकडे आणि मोजलेले आकडे यांतली शिल्लक तफावत नॉइजएवढी झाली की थांबा. पण आपल्या मे महिन्यात भरदुपारी ग्रॅव्हिमीटरचं, म्हणजे गुरुत्व मोजायच्या यंत्राचं, वाचन आपोआप असं सरकतं (ड्रिफ्ट) की ते दुरुस्त करायला दर दोन तासांनी त्याच ठरावीक बेस स्टेशनला परत जाऊनही नॉइज 0.05 मिलिगॅल (गुरुत्वाचं एकक) धरायचा की 0.1, हे मला ठरवता येईना. सीजीएलएस त्यामुळे एका रेषेवर सहाव्या इटरेशनला थांबली, दुसरीवर बाराव्या. तिसऱ्या आणि चौथ्या रेषेच्या मधे काठ एकदम सरकलेला दिसला. फॉल्ट (खडक तुटून सरकल्याची भेग) सापडला म्हणून मी दोन दिवस खुशीत होतो.

चौथी रेषा पहाटे पुन्हा मोजली. खडक तोच, आकडे जरासे वेगळे, आणि माझा फॉल्ट निम्मा गायब.

इथे माझं मन फिरलं. लवकर थांबलं की प्रत्येक पद्धत डेटातलं काही ठेवते, काही दाबते; ही तिची गाळणी. सीजीएलएसची गाळणी डेटातूनच विणली जाते. डेटा हलला की गाळणीही बदलते. दोन रेषांतला फरक खडकाचा की गाळणीचा, हे सांगता येत नाही. लँडवेबरच्या गाळणीत डेटा कुठेच नाही, फक्त मॅट्रिक्स, पायरी आणि इटरेशनची संख्या. स्टेशनांची मांडणी सारखी असली (रस्ते सरळ नसतात, मी रेषेवर प्रक्षेप करून घेतला) आणि इटरेशनही तेवढीच ठेवली, तर पाचही रेषा एकाच गाळणीतून जातात. तुलना मग निदान प्रामाणिक राहते.

रेषा एकच असेल किंवा त्रिमितीय मॉडेलमध्ये लाखभर चौकटी (पेशी) असतील, तर मी तुम्हाला लँडवेबर घ्या म्हणणार नाही. तिथे सीजीएलएस, किंवा तिचीच गणनेत जास्त स्थिर बहीण, पेज-साँडर्स यांची 1982ची एलएसक्यूआर. पण साठ स्टेशनांच्या मॅट्रिक्सवर चारशे इटरेशन पापणी लवायच्या आत होतात. तिथे वेगाचं कौतुक कशाला? शिवाय बेसाल्ट-ग्नाइसच्या घनतेतला फरक उत्तरात ऋण यायला नको असेल, तर लँडवेबरमध्ये दर फेरीला ऋण आकडे शून्य करायची एक ओळ पुरते. सीजीएलएसमध्ये तसं केलं की पुढच्या दिशांचं गणितच बिघडतं, कारण तिची प्रत्येक फेरीची दिशा आधीच्या फेऱ्यांवर बेतलेली असते.

लँडवेबरने तिसऱ्या-चौथ्या रेषेत थोडा उतार अजूनही दाखवला आहे. तिथे बोअर घ्यायला कुणी पैसे देईल तेव्हा बघू.