जुन्या पिकअपला रिले हार्नेस: बल्ब तेच, उजेड दीडपट

उजेड कमी पडतोय म्हटलं की सगळे आधी बल्बाकडे बघतात. जुन्या पिकअपच्या बाबतीत मला विचाराल तर बल्ब तिसऱ्या नंबरावर. पहिला नंबर वायरिंगचा, दुसरा काच आणि रिफ्लेक्टरचा. हा रिव्ह्यू त्या पहिल्या नंबराचा आहे: दोन रिले (बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारे स्विच), फ्यूज, जाड वायर आणि सिरॅमिकचे होल्डर असलेला, एच4 जातीच्या बल्बांसाठीचा तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा. माझ्या गाडीत तो बरेच दिवस आहे, धो धो पावसातही चाललाय, त्यामुळे कौतुक आणि कुरकुर दोन्ही करते.

माझा व्यवसाय रोपवाटिकेचा. रोपं उन्हात हलवली की पोचेपर्यंत माना टाकतात, म्हणून हौदा भरून गाडी निघते ती उजाडायच्या आत. गाडी जुनी, पण इंजिन खणखणीत आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) शाबूत. दिवे मात्र नावाला. सात इंची गोल काच, मागे एच4 बल्ब, आणि डिपरवर (जवळच्या झोतावर) समोरचा खड्डा दिसायचा तो चाक त्यात गेल्यावर.

गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने त्यात एलईडी बल्ब घालून ठेवले होते. पहिल्या रात्री वाटलं, वा, काय झगझगाट आहे! पण तो सगळा झगझगाट बोनेटपासून चार-पाच गाडीलांबीत. डोळे त्या पांढऱ्या पट्ट्याला सरावतात आणि त्यापुढचा रस्ता आणखीच काळा दिसायला लागतो. समोरून येणारे सारखे अप्पर (लांबचा झोत) मारायचे, आणि मी तर डिपरवरच असायचे. गाडी भिंतीसमोर उभी केली तेव्हा कारण कळलं. हॅलोजनच्या डिपरला उजेडाची वरची कड सुरीने कापल्यासारखी असते. इथे कड अशी नव्हतीच, उजेड वरपर्यंत सांडत होता.

यात एलईडीचा दोष अर्धाच. एच4 बल्बात दोन फिलामेंट असतात, आणि डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे डिपरला रिफ्लेक्टरचा वरचाच भाग कामाला लागतो आणि उजेड रस्त्याकडे वळतो. सगळं गणित त्या बारीक तारेच्या नेमक्या जागेवर बसवलेलं. त्या जागी चपट्या पट्टीवरचे एलईडी आले, तेही मिलिमीटरभर पुढे-मागे, की गणित चुकलं. काही एलईडी बल्ब ही जागा बऱ्यापैकी साधतात, माझ्या गाडीतले साधत नव्हते. शिवाय ते चालू केले की रेडिओवर खरखर, आणि मागचा पंखा धुळीने जाम. अनेक देशांत हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात एलईडी बल्ब घालणं नियमातही बसत नाही, तेव्हा आपल्या इथला नियम आधी बघून घ्या. मी ते काढले आणि साधे 60/55 वॉटचे हॅलोजन घातले. समोरच्यांचे अप्पर थांबले. उजेड मात्र पिवळट, मरतुकडा.

इथे मल्टिमीटर बाहेर काढला. इंजिन चालू, दिवे चालू, बॅटरीच्या टोकांवर 14.1 व्होल्ट. बल्बाच्या मागे, कपलर (बल्बाला वायर जोडणारा सॉकेट) तसाच लावलेला ठेवून पिना टेकवल्या: 11.9. म्हणजे दोन व्होल्टपेक्षा जास्त करंटच्या वाटेत खर्ची पडत होते. मोजताना दिवे चालूच हवेत. बल्ब काढून रिकाम्या कपलरवर मोजलं तर करंटच वाहत नाही, आकडा छान येतो आणि माणूस फसतो.

दोन व्होल्टांनी काय होतंय असं वाटेल. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून कितीतरी वेगाने घटतो. साधारण 3.4 व्या घाताने. व्होल्टेज पाच टक्के पडलं तर उजेड सोळा टक्क्यांच्या आसपास जातो, दहा टक्के पडलं तर तीस टक्के. एच4 चा ठरलेला उजेड, अप्परला 1650 आणि डिपरला 1000 ल्युमेन, हा 13.2 व्होल्टला मोजलेला असतो. माझ्या 11.9 वर डिपर जेमतेम सातशे देत असणार. नवा महागडा बल्ब घातला असता तरी त्यालाही तेवढंच व्होल्टेज मिळालं असतं.

जुन्या बऱ्याच गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट बॅटरीतून निघून डॅशबोर्डच्या स्विचमध्ये, तिथून स्टिअरिंगखालच्या अप्पर-डिपर स्विचमध्ये, आणि मग पुढे दिव्यांत जातो. दोन बल्ब मिळून नऊ-दहा अँपिअर, तेही बारीक वायरीतून आणि वर्षानुवर्षं घासलेल्या कॉन्टॅक्टमधून. माझ्या गाडीचा स्विच अर्ध्या तासात हाताला गरम लागायचा. जुना कपलर ओढून काढला तर डिपरच्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, आतली पितळी पट्टी निळसर काळी, आणि वायरीचं आवरण इतकं कडक की वाकवल्यावर त्याचा तुकडाच हातात आला. प्रवासात हे कुठेतरी पेटलं असतं तर नवल नव्हतं.

हार्नेस यावर सरळ तोडगा काढतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूजमधून जाड वायर थेट रिलेच्या 30 नंबरच्या पिनेवर येते आणि 87 वरून बल्बाकडे जाते. जुनी वायरिंग आता फक्त 85-86 वरची कॉइल ओढते, आणि त्याला अँपिअरच्या पाचव्या हिश्श्याइतका करंट पुरतो. एक रिले डिपरला, एक अप्परला. जुन्या दोन कपलरपैकी एक हार्नेसच्या नर-पिनेत बसतो आणि इशारा देतो, दुसरा मोकळा राहतो. तो टेप गुंडाळून बांधून टाका, लोंबकळता ठेवू नका. मूळ वायर एकही कापावी लागत नाही. उद्या नको वाटलं तर सगळं काढून गाडी होती तशी करता येते.

बसवायला माझ्याबरोबर ओळखीचे एक वायरमन होते. संच बघून म्हणाले, "ताई, रिले चांगले आहेत, अर्थिंगच्या वायरी मात्र फुकटच्या आहेत." बरोबर बोलले. पॉझिटिव्ह वायर जाड, होल्डर सिरॅमिकचे, रिले 40 अँपिअरचे, सगळं नीट. अर्थिंगला मात्र निम्म्या जाडीची वायर आणि टोकाला पातळ पत्र्याचं थिंबल. करंट जेवढा जातो तेवढाच परत येतो, तेव्हा परतीची वाट अरुंद ठेवून काय साधलं? आम्ही त्या वायरी बदलून पॉझिटिव्हच्याच जाडीच्या घातल्या, बॉडीवरचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, थिंबल आवळलं आणि वरून ग्रीस लावलं. एवढ्याने 0.3 व्होल्ट आणखी मिळाले. कंपनीनेच हे केलं असतं तर मी हार्नेसला पाचपैकी पाच दिले असते. आता चार.

आणखी दोन कुरकुरी. फ्यूजच्या डबीला झाकण आहे, पण रबर नाही, त्यामुळे ती आडोशाला आणि तोंड खाली करून बसवावी लागते. रिलेचंही तेच, पिना खालच्या बाजूला हव्यात, नाहीतर पाणी आत मुरतं. आणि संचासोबतचा कागद निव्वळ शोभेचा. कुठली वायर कुठे हे चित्रात आहे, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा हे कुठेच लिहिलेलं नाही. बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला काहीच संरक्षण नसतं, तो घासून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. आम्ही तो वीतभरच ठेवला आणि वर नळी चढवली.

बसवून झाल्यावर पुन्हा मोजलं. बल्बावर 13.7. बल्ब तेच, काच तीच. 11.9 च्या तुलनेत हिशोबाने उजेड दीडपटीच्या वर जातो, आणि डोळ्यालाही तेवढाच वाटला. पिवळटपणा गेला, रस्त्याकडेचे दगड, गवत, मैलाचे आकडे लांबून दिसायला लागले. डॅशबोर्डचा स्विच आता थंडगार.

याचा तोटाही आहे. व्होल्टेज वाढलं की हॅलोजनचं आयुष्य घटतं, तेही उजेडापेक्षा जास्त वेगाने. पूर्वी अर्धपोटी जळणारे बल्ब वर्षानुवर्षं टिकायचे, आता तसे टिकणार नाहीत. मी एक जोडी गाडीतच ठेवते. मला हा सौदा मंजूर आहे. "जास्त उजेड, शिवाय दीर्घायुष्य" असं डबीवर छापणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका, एकाच तारेकडून दोन्ही मिळत नाही. निळ्या काचेचे बल्बही टाळा. निळा लेप उजेड वाढवत नाही, अडवतो, आणि पावसात-धुक्यात त्या पांढऱ्या-निळ्या छटेचा डोळ्यांना त्रास होतो. 100/90 वॉटचे बल्ब हार्नेस सहन करेलही, पण बऱ्याच ठिकाणी ते रस्त्यावर चालत नाहीत, समोरच्याला आंधळं करतात, आणि उष्णतेने रिफ्लेक्टर खातात.

रिफ्लेक्टरवरून आठवलं. आत टॉर्च मारून बघा. चांदी काळवंडली किंवा तिचे पोपडे निघाले असतील तर हार्नेसचा पूर्ण फायदा हाती लागणार नाही, पूर्ण दिवाच बदला. आत कापड घालून पुसायला जाऊ नका, ती चांदी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, बोटाने निघतो. प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर बारीक पॉलिशपेपरने घासून उजळते, पण वरून यूव्ही कोटिंग हवंच, नाहीतर काही महिन्यांत परत तेच. माझी काच खरीखुरी काच होती, पण रिफ्लेक्टर गेलेला. म्हणून हार्नेसपाठोपाठ सात इंची नवे दिवे घेतले. घेताना दोन गोष्टी तपासल्या. एक, काचेवर वर्तुळात ई आणि आकडा ही मान्यतेची खूण. दुसरी, दिवा रस्त्याच्या कुठल्या बाजूसाठी आहे. डिपरची कड सपाट नसते, स्वतःच्या कडेला ती तिरकी वर चढते. डाव्या बाजूने गाडी चालते तिथे उजव्या बाजूच्या वाहतुकीचा दिवा लावला, तर तो चढता भाग थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत. युरोपीय मान्यतेच्या दिव्यावर डाव्या बाजूसाठी बाण असतो, दिव्याकडे तोंड करून उभं राहिलं की तो उजवीकडे दाखवतो. दोन्हीकडे चालणाऱ्या दिव्यावर दुहेरी बाण. बाणच नसेल तर तो उजव्या बाजूच्या वाहतुकीचा.

आता अँगल. पिकअपवाल्यांनी हे नीट वाचा, कारण कारवाल्यांचे सल्ले इथे चालत नाहीत. सपाट जमीन, टायरांत हवा भरलेली, दिव्यांपासून भिंत 10 मीटर. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीला टेप, आणि डिपरची कड त्याच्या 10 सेंटिमीटर खाली. हा एक टक्का उतार. दिवा 85 सेंटिमीटर उंचीवर असेल तर उजेड सुमारे 85 मीटरवर रस्त्याला टेकतो. आता हौद्यात वजन टाका. मागचे पाटे बसतात, नाक वर होतं. नुसतं एक अंश वर झालं तरी ते पावणेदोन टक्के, म्हणजे तुमचा एक टक्का उतार संपून उजेड वर चढायला लागला. तो मग रस्त्याला टेकतच नाही, पुढच्याच्या आरशात जातो. म्हणून मी अँगल लावला तो कुंड्या-मातीने हौदा नेहमीइतका भरून आणि ड्रायव्हरच्या सीटवर वायरमनना बसवून. रिकाम्या गाडीला उजेड थोडा जवळ पडतो, ते मला चालतं. काही गाड्यांत डॅशबोर्डवर दिवे वर-खाली करायचं चाक असतं, ते असेल तर वापरा, शोभेला ठेवू नका.

हार्नेस मागवण्याआधी तुमच्या गाडीत स्विच पॉझिटिव्ह तोडतो की अर्थ, हे टेस्टरने बघा. काही जुन्या जपानी पिकअपमध्ये बल्बाच्या सामाईक पिनेवर पॉझिटिव्ह कायम असतो आणि स्विच अर्थ जोडतो-तोडतो. तिथे साधा हार्नेस चालत नाही, त्याचा वेगळा मिळतो. गाडी 24 व्होल्टची असेल तर रिले आणि बल्ब दोन्ही 24 चेच हवेत. आणि संच हातात आला की पहिल्यांदा अर्थिंगच्या वायरी बघा, माझ्यासारख्या निघाल्या तर बसवायच्या आधीच बदलून घ्या, नंतर जाळीमागे हात घालणं फार जिवावर येतं.