गुळाच्या अडतीवर लिनक्स मिंट: पाच महिन्यांनंतर

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात आमचं गुळाचं अडत दुकान आहे. हिशेबाचा लॅपटॉप इंटेलच्या सातव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते. एका पायरीनं हुकलो. धडधाकट मशीन भंगारात घालवेना, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला घेतली. तेही ऐन गुळाच्या हंगामात, सौदे जोरात असताना. अक्कल बघा.

पहिला दिवस माझ्याच अडाणीपणात गेला. मिंट टाकायची जवळपास तीन जीबीची आयएसओ फाइल मी पेनड्राईव्हवर नुसती कॉपी केली. एफ१२ दाबून बूट मेनू (मशीन कशावरून सुरू करायचं ती यादी) काढतोय, पेनड्राईव्हचं नावच नाही. तीन पोर्ट बदलले. शेवटी रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं रीतसर बूट होणारा पेनड्राईव्ह बनवला तेव्हा मिंटचा हिरवा लोगो दिसला. आबा गादीवरून म्हणाले, "वही काय वाईट होती रं?"

खरं घोडं पुढं अडलं. डिस्क निवडायच्या यादीत फक्त पेनड्राईव्ह. लॅपटॉपच्या आतली डिस्क, म्हणजे एनव्हीएमई एसएसडी, गायब. राजारामपुरीतल्या एका दुकानदारानं न उघडताच "डिस्क गेलीय, नवी टाका" म्हणून सांगितलं. पण विंडोज तर त्याच डिस्कवरून चालू होत होतं! बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरलो तर स्टोरेज 'रेड' मोडवर, म्हणजे डिस्क इंटेल आरएसटी या इंटेलच्या स्टोरेज यंत्रणेच्या ताब्यात. ते 'एएचसीआय' या साध्या मोडवर केलं, डिस्क हजर. मात्र विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल असाच करू नका, ते सुरू व्हायला नकार देतं. मी सगळं पुसणारच होतो, डेटा आधीच बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढला होता.

वायफायही लागेना. मोबाइल केबलनं जोडून नेट घेतलं आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला, पाच मिनिटांचं काम.

आता पाच महिने झाले. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये बनतात. हमाली, तोलाई आपोआप वजा होते. जुन्या फॉन्टमधली पत्रं आधी अगम्य दिसायची, फॉन्टची फाइल आणून टाकली तेव्हा वाचता आली. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र इथं सरळ चालत नाही, त्यासाठी दुकानातला जुना डेस्कटॉप तसाच ठेवलाय, नेट काढून. कीबोर्डचं 'एन्टर' अजून चिकटतं, पण तो दोष गुळाचा.