डिप्लोमा कॉलेजचे सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण : एका मामाचा अभिप्राय

माझ्या भाच्याने पुण्यातील एका खासगी तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या माहितीपत्रकात ‘उद्योगांशी घट्ट नाते’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि फी भरणारा मीच असल्यामुळे हे नाते प्रत्यक्षात कितपत उपयोगी पडले ते इथे लिहीत आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या २०१७ च्या ‘आय’ स्कीममध्ये (म्हणजे त्या वेळच्या अभ्यासक्रम-आराखड्यात) चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण अभ्यासक्रमातच होते. तेव्हा ते दिले म्हणून आभार मानण्याचे कारण नाही, ते कसे दिले एवढेच पाहायचे.

जागा मिळवून देण्यात कॉलेज कमी पडले नाही. भोसरीच्या एमआयडीसीत, तीस-पस्तीस माणसांच्या एका सीएनसी टर्निंग शॉपमध्ये (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या लेथचा कारखाना) त्याची सोय झाली आणि पत्रही वेळेवर मिळाले. पहिले दहा दिवस त्याच्याकडून केवळ जॉबच्या, म्हणजे मशीनवर कापलेल्या भागाच्या, कडांवरचे बर (धारदार कंगोरे) काढून घेतले, त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण हात काळे झाल्याशिवाय शॉप कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याला तपासणीच्या टेबलावर बसवले आणि खरे शिक्षण तिथे सुरू झाले. भोकाचे माप किमान मर्यादेएवढे आहे की नाही ते तपासणारे गो गेज सकाळी अलगद आत जात होते, ते दुपारच्या जेवणानंतर त्याच प्रकारच्या बुशच्या (नळीसारख्या भागाच्या) बोअरमध्ये, म्हणजे आतल्या भोकात, जड जाऊ लागले, तेव्हा गेजच खराब झाले असावे असे त्याला वाटले. मशीनवरच्या काकांनी हसून त्याला इन्सर्टचे (धातू कापणाऱ्या बदलत्या पात्याचे) झिजलेले टोक दाखवले: टोक झिजते तसे बोअर लहान येत जाते, म्हणून गो गेज आत जायचे थांबण्याआधीच ऑफसेट द्यायचा, म्हणजे झिजेएवढी दुरुस्ती मशीनच्या मापात भरायची. घरी येऊन त्याने हे मला वाटीत चमचा फिरवून समजावले. मेट्रॉलॉजीचा (मोजमापशास्त्राचा) पेपर तो आधीच पास झाला होता, हे विशेष.

इथपर्यंत सेवा उत्तम होती, पण तिचे श्रेय त्या काकांचे. कॉलेजचे मार्गदर्शक दोनदा भेट देणार असे पत्रात लिहिले होते. ते एकदा आले, ऑफिसात चहा घेतला, मालकांशी पुढच्या वर्षीच्या जागांबद्दल बोलले आणि शॉपमध्ये न येताच परतले. लॉगबुकात रोजची नोंद व रोजची सही अपेक्षित होती. भाच्याने नोंदी मन लावून लिहिल्या, ऑफसेटच्या त्या दिवशी तर आकृतीही काढली, मात्र छत्तीसही दिवसांच्या सह्या शेवटच्या शनिवारी, एकाच पेनाने, एका बैठकीत झाल्या. तोंडी परीक्षा दहा मिनिटांत आटोपली आणि तीत कंपनीची उलाढाल विचारली गेली. आकृतीचे पान कोणी उलटलेच नाही.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात २७ विद्यार्थ्यांना घेऊन सहकारी शिक्षणाची (को-ऑप) पद्धत सुरू केली तेव्हा एक आठवडा वर्ग, एक आठवडा कारखाना अशी पाळी ठेवली होती. कारखान्यात पडलेला प्रश्न आठवडाभरात वर्गात पोचावा, अशी ती रचना होती. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात १९५७ पासून हीच अदलाबदल होते, आता चार-चार महिन्यांच्या सत्रांनी. आपल्याकडच्या सँडविच डिप्लोमाच्या नावातही हाच थर आहे: आधी वर्ग, मध्ये कारखाना, मग पुन्हा वर्ग. आमच्या कॉलेजने मुलाला कारखान्यात पाठवले खरे, पण पाचव्या सत्रात तो परतल्यावर एकाही शिक्षकाने ‘तिथे काय पाहिलेस’ असे विचारले नाही. खालचा पाव नसलेले हे सँडविच.

पैशांबद्दल थोडक्यात: विद्यावेतन शून्य, बसचा पास आमचा. डिप्लोमानंतर ॲप्रेंटिस म्हणून लागला असता तर २०१९ च्या नियमांप्रमाणे महिन्याला किमान ८,००० रुपये मिळाले असते. विद्यार्थ्याला सहा आठवड्यांसाठी तेवढे मिळावेत असा माझा आग्रह नाही, पण दुपारचे जेवण तरी मिळायला हवे होते.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर शॉपला साडेचार आणि कॉलेजला दोन, तेही पत्र वेळेवर दिल्याबद्दल. ज्यांना यंदा प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी प्लेसमेंटचे तक्ते बाजूला ठेवून कॉलेजकडे गेल्या वर्षीचे एखादे भरलेले लॉगबुक पाहायला मागावे आणि सह्यांची शाई नीट न्याहाळावी.