पोलीस पाटील : गावातलाच हवा, चार्जवाला नको

इंग्लंड-वेल्समध्ये 2012 पासून पोलिसांवर देखरेख ठेवणारा आयुक्त लोक मतदान करून निवडतात. आपल्याकडे गावाच्या वाट्याला येतो तो पोलीस पाटील, आणि त्याला मत कुणीच देत नाही. 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याखाली प्रांताधिकारी त्याला नेमतात. सरपंचपदावरून वाड्या-वाड्यांत फाटलेल्या कोकणात हे बरंच आहे म्हणायचं.

सेवा सगळ्यात कामाची ठरते ती किनाऱ्यावर. मृतदेह लागला की खबर त्याच्यामार्फत लवकर पोचते, पंचही तोच जमवतो. पंचनामा मात्र पोलिसांचा. भरती चढतेय म्हणून प्रेत वर घ्यावंच लागलं, तर आधी जागेवरचे फोटो काढा, आणि त्यात खडक किंवा सुरूचं झाड अशी न हलणारी खूण येऊ द्या. नाहीतर मूळ जागा कुठली, यावर पंचांचं एकमत होत नाही. बेवारस बोट दिसली तर आत चढू नका. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला लागलेल्या बोटीत एके-47 निघाल्या होत्या. पाटील फोन उचलत नसेल तर 112. समुद्राचं काही असेल तर 1093.

सेवा फसते ती गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी. शेजाऱ्याने चिरे रचून वहिवाटीची वाट अडवली की लोक पाटलाकडे जातात. तो दोघांना समोरासमोर बसवतो, 'बघू, करू' होतं, गणपती जातात, शिमगा येतो. तोवर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे दावा लावायची सहा महिन्यांची मुदत उलटलेली असते! वाट मोकळी करून द्यायचा अधिकार पाटलाला नाहीच. बोलणी खुशाल चालू ठेवा, पण दावा आधी लावा.

चाकरमान्यांचं बंद घर फुटलं तर पाटलाला सांगा, आणि आत कुणाला झाडलोट करू देऊ नका. गुन्हा मुंबईतल्या ठाण्यातही शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द त्यांची नसली तरी, नोंदवता येतो. ऑनलाइन खबर दिलीत तर तीन दिवसांत सही करावी लागते.

2024 मध्ये मानधन 6,500 वरून 15,000 रुपये करायचा निर्णय झाला, तेव्हा 'परवडत नाही' ही सबब आता चालायची नाही. खरं दुखणं रिकाम्या पदांचं. शेजारगावच्या पाटलाकडे जादा चार्ज दिला जातो. तो खाडीपलीकडचा निघाला आणि पावसात होडीची तर बंद असली, की तो वळसा घालून येईपर्यंत ओहोटी लागलेली असते.

गावात राहणाऱ्याला पाचपैकी चार. चार्जवाल्याला दीड, तेही फोन उचलला तर.